विष्णुपंतांचं परदेशी भांडवल

एकोणपन्नास सालच्या सप्टेंबरात सरकारने रुपयाची किंमत उतरवली, आणि देशात कोणाला झाला नसेल एवढा आनंद अंबरनाथच्या विष्णुपंतांना झाला. पंत फॅक्टरीत हेडक्लार्क. वर्तमानपत्र अग्रलेखासकट वाचत (म्हणजे मोठ्याने वाचत, समजणं हा वेगळा विषय).

"डॉलर काल सव्वातीन रुपयांना होता, आज पावणेपाचला!" ते बायकोला म्हणाले. "आपला भाव पडला की बाहेरचा पैसा आपसूक आत येतो."

"आत म्हणजे कुठे?" कणीक मळता मळता वृंदाने विचारलं.

"आपल्या पुढच्या खोलीत!"

त्या खोलीत चिंतामणी मास्तर भाड्याने राहत. भाडं न मागता हातावर ठेवत आणि घरचं दूधतूप त्यावरच चाले. पण फॅक्टरीत यंत्रं बसवायला एक अमेरिकन साहेब आला होता आणि तो जागा शोधत होता. पंतांनी मास्तरांना खोली सोडायला लावली. बिचारे वळकटी उचलून बदलापूरला गेले.

साहेबाला आंघोळीला टब लागतो, असं कोणीतरी सांगितलं. पंत तडक उल्हासनगरला. लष्कराच्या जुन्या छावणीत आता सिंधी मंडळींनी दुकानं थाटली होती.

"साईं, फौजी माल! खुद्द कर्नलसाब इसमें नहाते थे," म्हणत दुकानदाराने पत्र्याचा एक अगडबंब टब चाळीस रुपयांना पंतांच्या गळ्यात मारला. घरी तो दारातून आत जाईना. शेवटी चौकट काढून घ्यावी लागली.

साहेब खोली बघायला आला तेव्हा घरात मुलगी दाखवायचाच थाट होता. कांदेपोहे झाले. मग पंतांच्या आई, माई, दाराआडून म्हणाल्या, "विष्णू, पगार विचार त्याला."

"माई, साहेब लोकांत पगार विचारत नाहीत!"

"न विचारता तुझ्या आत्याला दिली, ती वर्षात परत आली. विचार."

पंतांनी चाचरत विचारलं. साहेबाचा चेहरा उतरला. पगार फॅक्टरी देते, तोही रुपयांत. बायकोला पाठवायचे मात्र डॉलर, आणि परवापासून त्याच पगाराचे डॉलर पार आक्रसलेत. म्हणून तर तो स्वस्तातली जागा शोधत होता. पंतांनी दुप्पट भाडं सांगितल्यावर तो टोपी घेऊन उठलाच.

"अरेरे, लेकुरवाळा दिसतो," म्हणत माईंनी त्याला बळेच बसवून आणखी पोहे वाढले.

खोली रिकामी राहिली. दुधाचा रतीब निम्म्यावर आला आणि पंतांच्या चहाचा रंग काळा झाला. 

दसऱ्याला सोनं द्यायला चिंतामणी मास्तर आले. सोबत साहेब!

"बदलापूरला स्वस्तात दोन खोल्या मिळाल्या," मास्तर म्हणाले. "एक यांना दिली. पण यांना इथे पाहिलेला तो टब हवाय. तुमचा पडूनच असेल ना? बारा रुपये देताहेत."

"बारा? अहो, मी चाळीसला..."

"पंत, भाव पडलाय."

पंतांनी तोंड उघडायच्या आत वृंदाने पैसे घेऊन देवापुढे ठेवलेसुद्धा.

"तुमचं खरं झालं हो," ती पदराआड हसू दाबत म्हणाली. "आपला भाव पडला, आणि बाहेरचा पैसा आत आला!"

"आला तो आला," माई म्हणाल्या, "विष्णू, ऊठ आता. चौकट काढ."