शमुवेल मास्तर आणि अक्काची गाय

धुळ्यात आमच्या गल्लीतून गावाला जायचं असलं की माणूस चोरासारखा निघतो. वहाणा हातात, पिशवी धोतराआड. कारण शमुवेल मास्तरांनी पाहिलं की संपलं. टांगा अडवून ते विचारतात, "काही सांगून जाता का?" आणि मग तुम्ही तोंडाला येईल ते बोललात, की तसंच्या तसं होणार.

आमचे दगाभाऊ एकदा गडबडीत बोलून गेले, "पापडांवर लक्ष असू द्या." आता हे आपलं निघतानाचं बोलणं हो. संध्याकाळी वहिनींनी पापड डब्यात भरले, तर मास्तर डबा समोर घेऊन तीन दिवस ओट्यावर. वहिनी मला म्हणाल्या, "माझ्याच घरात मला पापड भाजता येईना. मास्तर म्हणतात, भाऊ येऊ देत."

हे सगळं एका ग्रीक शब्दापायी. मास्तर मिशनच्या शाळेत होते. तिथल्या पाद्रीसाहेबांनी त्यांना ग्रीक शिकवलं आणि स्वातंत्र्यानंतर मायदेशी जाताना आपला ग्रीक नवा करार त्यांना देऊन टाकला. तेव्हापासून एकच ध्यास, एन्तोले. मराठीत त्याचं 'आज्ञा' केलंय, ते मास्तरांना मुळीच मान्य नाही.

"आज्ञा देणारा डोक्यावर उभा असतो," ते म्हणतात. "एन्तोले देणारा निघालेला असतो. जाता जाता काम तुमच्या हवाली करतो. प्रभूने निघायच्या रात्री शिष्यांना सांगितलं, एकमेकांवर प्रीती करा. तिथे हाच शब्द आहे. प्रीती काय हुकूम सोडून होते?"

मी पडलो कचेरीतला टायपिस्ट. 'हुकमावरून' हा शब्द माझी बोटं झोपेतही बडवतात. साहेब दौऱ्यावर गेले की आमचे हेडक्लार्क पानाचा डबा उघडतात आणि फायली वामकुक्षी घेतात. एकदा नेमके तेव्हाच मास्तर आले.

"साहेब गेले?"

"गेले."

"मग काम आता सुरू व्हायला पाहिजे."

हेडक्लार्कनी त्यांना पान दिलं आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, "या गृहस्थाला परत आत सोडू नकोस."

गेल्या हिवाळ्यात मात्र कमाल झाली. आमच्या शेजारच्या अक्का, एकट्या बाई, एका गाईच्या दुधावर त्यांचं सगळं चालतं. मुलगी पिंपळनेरला, तिचे दिवस भरत आलेले. इकडे गायही गाभण. निघताना अक्का मास्तरांना म्हणाल्या, "मास्तर, गायकडे ध्यान ठेवज्यात. मना बठ्ठा संसार तीच शे."

गल्ली हसून हसून लोळली. गाय दिसली की मास्तर रस्ता बदलतात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण त्यांनी खुर्ची गोठ्यात नेली. चार हात लांब, पण गाईसमोर. मांडीवर ग्रीक नवा करार. मी म्हटलं, "गवळ्याला सांगतो ना मी." तर म्हणाले, "अक्का गवळ्याला नाही, मला सांगून गेल्या."

आठव्या दिवशी भरदुपारी मास्तर धापा टाकत कचेरीत. गाय अडली होती. वासराचा एकच पाय बाहेर, गाय नुसती कण्हतेय. आणि हेडक्लार्क उठले. केळीवाल्या रावेरकडचा शेतकऱ्याचा पोर तो, हे मला तेव्हा कळलं. साहेबांना न विचारता त्या माणसाने जन्मात पहिल्यांदा टेबल सोडलं.

गोठ्यात त्यांनी बाह्या वर केल्या. "मास्तर, डोकं धरा तिचं." मास्तरांनी धरलं. डोळे गच्च मिटून, गाईच्या कानाशी काहीतरी पुटपुटत. तासाभराने वासरू खाली आलं. हेडक्लार्क म्हणाले, "जगलं. आता डोळे उघडा."

तीन आठवड्यांनी अक्का आल्या. गाय पाहिली, वासरू पाहिलं, मास्तरांच्या पायाच पडायला निघाल्या. मास्तरांनी गाईने काय काय खाल्लं ते सगळं सांगितलं, खुर्ची उचलली आणि घरी गेले. दोन दिवस दारच उघडलं नाही. मी न राहवून गेलो, तर रिकाम्या टेबलापाशी बसलेले.

"बरं नाही का?"

"बरा आहे. अक्का आल्या, काम संपलं." मग टेबलावरून हात फिरवत म्हणाले, "माझी बायको रूथ गेली ना, तेव्हा मी सातवीचा तास घेत होतो. घरी येईपर्यंत सगळं आटोपलेलं. मला काही सांगून गेली नाही ती."

तसाच अक्कांकडे गेलो आणि सांगून टाकलं. त्या वासराला चाटण देत होत्या.

सकाळी अक्का धुण्याचं बोचकं घेऊन मास्तरांच्या दारात. पांझरा आमच्या गल्लीच्या मागेच, शंभर पावलांवर.

"मास्तर, मी नदीवर जाई येस. वासरूकडे ध्यान ठेवज्यात."

मास्तर खुर्ची घेऊन लगबगीने निघाले.

दुपारचे बारा वाजले तरी अक्का नदीकाठीच निवांत बसून होत्या. बोचक्यात दोनच लुगडी होती.