उन्हावरची खीर

नागपूरच्या मे महिन्यातलं ऊन फुकट जातं, याचं दुःख करणारा मी जगातला एकटाच माणूस असेन. बाकीचे दारं-खिडक्या लावून, वाळ्याच्या ताट्या ओल्या करून, उन्हाच्या नावानं बोटं मोडत बसतात. मी कोराडीच्या वीज केंद्रात कोळशाच्या विभागात होतो. रोज काळाभोर होऊन बसनं प्रतापनगरला परत यायचो आणि वाटेत एकच विचार करायचो. कोळसा जळला की संपला, पुन्हा तयार व्हायला कोट्यवधी वर्षं हवीत. ऊन मात्र रोज नवं, तेही घरपोच! माझे सोबती म्हणायचे, केशव खातो कोळशाचं आणि गातो सूर्याचं.

त्या वर्षी बुद्धपौर्णिमेला विहारात माझं भाषण ठरलं, 'संपणारी ऊर्जा आणि न संपणारी ऊर्जा' या विषयावर. नेमकी त्याच पौर्णिमेला खीरदानाची पाळीही आमच्या घरी आली. मी विहाराचे अध्यक्ष नत्थूजी यांना छातीठोकपणे सांगून टाकलं, की यंदाची खीर उन्हावर शिजेल. आधी खीर खा, मग भाषण ऐका.

माझ्या बायकोचा, पुष्पलताचा, चेहरा उतरला. ही पाळी आपल्याला मिळावी म्हणून ती लग्न झाल्यापासून वाट पाहत होती. दर पौर्णिमेला दुसऱ्यांच्या घरची खीर वाढायची आणि रिकामा गंज, म्हणजे खिरीचं मोठं पातेलं, घासायला बसायची.

"खीर फसली तर लोक मले नावं ठेवतील," ती म्हणाली. "सूर्याले कोणी काही म्हणणार नाही."

मी हसलो. आता आठवलं की स्वतःचे कान उपटावेसे वाटतात.

सूर्यचूल मी स्वतः बनवली होती. लाकडी खोक्याला आतून काळा रंग, वर जुन्या कपाटाची काच आणि ऊन आत फेकायला पुष्पलतानं माहेराहून आणलेला आरसा. पौर्णिमेच्या सकाळी दूध-तांदळाचे चार झाकणबंद गंज आत ठेवून ती गच्चीवर मांडली. मग जोशात घरातलं सगळं रॉकेल शेजारच्या मार्तंडला देऊन टाकलं. त्याच्याकडे पाहुणे उतरले होते. शिवाय माघारीची वाटच ठेवायची नाही, असा माझा बाणा!

खोली अंधारी करून भाषण पाठ केलं. काही वेळानं लू, म्हणजे उन्हाची झळ, लागू नये म्हणून खिशात कांदा टाकला आणि वर गेलो, तर चुलीवर ओलं पोतं! पुष्पलताची मावशी बायजाबाई, रामटेककडच्या खेड्यातून सणाला आलेली, त्या पोत्यावर आणखी पाणी शिंपडत होती.

"मावशी, हे काय करून राहिल्या?"

"आत दूध आहे ना, जवाईबापू. एवढ्या उन्हात नासून जाईन."

मी समजावलं. तिनं मान हलवली, पण तापात बरळणाऱ्याकडं पाहावं तसं माझ्याकडे पाहिलं. काच पुसून, आरसा फिरवून मी खाली आलो. पुन्हा वर गेलो तेव्हा पोतं नव्हतं आणि चूलही नव्हती. ती पाण्याच्या टाकीमागे सावलीत विसावली होती. 'वहिनींचा आरसा उन्हानं तडकू नये' म्हणून मार्तंडनं ती एकट्यानं ओढत नेली होती आणि आता कंबर धरून उभा होता. नागपूरकराचा स्वभावच आहे हो! उन्हाळ्यात कुत्रं दिसो की सायकल, तो सावलीत नेऊन ठेवतो.

गंजाला हात लावून पाहिला. तान्ह्या बाळाला आंघोळ घालावी इतपत कोमट! आता कोणावर भरवसा ठेवायचा नाही म्हणून डोक्याला टॉवेल गुंडाळून स्वतःच पहाऱ्यावर बसलो. आरशातलं ऊन थेट तोंडावर येत होतं. थोड्याच वेळात मला दोन चुली दिसायला लागल्या, मग चार. पुष्पलता आणि मार्तंडनं मला धरून खाली आणलं, कैरीचं पन्हं पाजलं. मला सोडा, खिरीला बघा, असं मी बडबडत होतो म्हणे.

मार्तंडचं मन द्रवलं. तापलेल्या गच्चीनं भल्या माणसाला पाडलं, म्हणून तो गच्ची थंड करायला बादल्या भरून वर गेला. मला पलंगावर फक्त आवाज ऐकू आला. पाणी गरम काचेवर पडलं होतं आणि काचेचे तुकडे तुकडे झाले होते.

झाकणं होती म्हणून काच दुधात गेली नाही, एवढंच नशीब. तांदूळ मात्र कच्चाच, दाताखाली कचकच वाजत होता. मी रॉकेल परत मागायला धावलो, तर मार्तंडकडे त्यावर स्वयंपाक झालेला, चहा झालेला आणि पाहुण्यांच्या आंघोळीचं पाणीसुद्धा तापवून झालेलं.

"मे महिन्यात गरम पाणी?"

"पाहुणे म्हातारे आहेत ना, भाऊ."

रेशनचं दुकान बंद होतं. ऊन उतरायला लागलं होतं. पुष्पलता कोमट गंजांजवळ बसली आणि तिनं डोळ्यांना पदर लावला. इतक्या वर्षांची तिची हौस मी माझ्या भाषणापायी मातीत घातली होती आणि मला स्वतःची लाज वाटत होती.

बायजाबाईनं मागच्या मोकळ्या प्लॉटकडे पाहिलं. प्लॉट मार्तंडचा. त्याला पऱ्हाट्यांचं, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या झाडांचं, कुंपण होतं.

"उपटा," ती म्हणाली.

मार्तंडनं स्वतः पहिली पऱ्हाटी उपटली, तेवढं प्रायश्चित्त त्याला हवंच होतं. तीन विटा मांडून जाळ केला. उकळी येताना दूध फाटतं की काय, या धास्तीनं आम्ही चौघंही गंजाभोवती उभे होतो. फाटलं नाही. धुरानं माझे डोळे सुजले, पण खीर झाली.

संध्याकाळी पांढरे कपडे घालून विहारात गेलो. पंचशील झालं. त्यातलं खोटं न बोलण्याचं शील मी नेहमीपेक्षा जरा हळू म्हटलं. खीर वाटली गेली. धुराचा वास मला पहिल्याच घासाला आला, पण नत्थूजींनी वाटी संपवली आणि पुन्हा पुढे केली. पुष्पलताचा जीव भांड्यात पडला. मग त्यांनी मला भाषणाला उभं केलं.

"केशवराव, आधी एक सांगा. ही उन्हावरच शिजली ना?"

सगळा विहार माझ्याकडे पाहत होता. शील घेऊन घटकाही झाली नव्हती. पुष्पलतानं मान खाली घातली.

"खोक्यात नाही शिजली," मी म्हणालो. "पऱ्हाट्यांवर शिजली. पण पऱ्हाटी उन्हावरच वाढते, उन्हातच वाळते. तिच्यात साठलेलं ऊन आम्ही जाळलं. कोळसाही तसा जुन्या काळचं ऊनच, पण तो संपला की संपला. पऱ्हाटी दर वर्षी नवी येते. तेव्हा ही खीर उन्हाचीच."

टाळ्या पडल्या. मला वाटलं, सुटलो. तेवढ्यात मागून बायजाबाईनं पुष्पलताला विचारलं. हळू बोलणं तिला उभ्या जन्मात जमलं नव्हतं, त्यामुळे ते सगळ्यांना ऐकू आलं.

"काहून वं, मंग मी जलमभर उन्हावरच रांधून राहिली का? मले त कोणी कधी भाषणाले नाही बोलावलं."

नत्थूजींनी मला बसायला सांगितलं आणि माईक तिच्यापुढे नेला. ती माझ्यापेक्षा जास्त वेळ बोलली आणि लोकांना ते समजलंही. मी तेवढ्या वेळात बाहेर जाऊन चारही गंज घासून ठेवले.