माणूस कापायचा नाही

इंगळे सरांनी काढलेल्या फोटोत शेळी असते. फोटो स्वातंत्र्यदिनाचा असो, पोलिओच्या डोसाचा असो की कुणाच्या निरोप समारंभाचा, डाव्या कडेला शाळेमागच्या सखुबाईची शेळी हजर. एका फोटोत तर विस्तार अधिकारी साहेब मान वाकवून हार घालून घेत आहेत आणि शेळी त्यांच्याकडे नव्हे, हाराकडे बघते आहे. दुसरा कोणी असता तर तेवढा भाग काढून टाकून मोकळा झाला असता. सरांनी फाइलच्या नावात तिची नोंद केली.

जानेफळच्या अलीकडे एका छोट्या गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत मी मास्तर म्हणून लागलो, तेव्हाची ही गोष्ट. आमच्या खानदानात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी. हे मी कोणी न विचारता सांगतो, आताही सांगितलं. कॉलेजात कॉम्प्युटरचा एक पेपर होता आणि त्यात मी पास झालो होतो. म्हणून शाळेचा एकुलता एक कॉम्प्युटर आपल्याच ताब्यात येणार, असं मी धरून चाललो होतो. तो इंगळे सरांच्या ताब्यात होता. सरांची नोकरीची थोडीच वर्षं उरली होती. टाइप ते एका बोटानं करत, आणि प्रत्येक अक्षर सापडलं की मान डोलवत.

फोटो वर्षानुसार, महिन्यानुसार लावावेत अशी जगाची रीत. सरांनी फोल्डर केले होते हजेरीपटाच्या क्रमानं. प्रत्येक पोराचा एक फोल्डर. वर्गाचा एक फोटो काढला की तो वर्गातल्या प्रत्येकाच्या फोल्डरात जायचा. एकच फोटो बेचाळीस वेळा. कॉम्प्युटर भरून वाहायला लागला.

मी म्हणालो, "सर, एकाच ठिकाणी ठेवला तरी चालतो की."

"आन् पोरगं आपल्या फोल्डरच्या खोलीत गेलं, त्याले तिथं आपला फोटो दिसला नाई तं?"

मी पदवीधर. तरी त्या दिवशीच्या बेचाळीस प्रती मीच करून दिल्या.

फाइलच्या नावाचं तर विचारूच नका. डावीकडून उजवीकडे सगळ्यांची नावं, इंग्रजी अक्षरांत मराठी. पंचविसाव्या-तिसाव्या नावाशी कॉम्प्युटर टुण् करून अडायचा. सर त्याच्या डोक्यावर थाप मारायचे. "अबे, घे ना! शेख अमीनपर्यंत घेतले, मंग पुढच्या पोराइले काय रस्त्यावर टाकू?" मग त्याच फोटोची दुसरी प्रत काढून तिला उरलेल्यांची नावं द्यायची. म्हणजे बेचाळीस गुणिले दोन. माणसं आधी, म्हणून शेळी कायम दुसऱ्या प्रतीत.

तालुक्याला शिक्षकांचं प्रशिक्षण निघालं: फोटो कसे लावायचे, सुधारायचे, एकमेकांना पाठवायचे. शिकवणारा तरुण होता, इस्त्रीचा शर्ट, बोलणं पुण्याकडचं. त्यानं पडद्यावर एक सहलीचा फोटो घेतला, चौकट ओढली आणि म्हणाला, "नको असलेला भाग असा क्रॉप करायचा."

सर उभे राहिले. "नको असलेला म्हंजे कोन?"

"हा बघा, कडेचा माणूस."

"त्याले विचारलं काय?"

हॉल हसला. तो पोरगाही हसला. "सर, फोटो आहे तो. त्याला दुखत नाही."

"तवा नाई दुखत," सर म्हणाले, "घरी गेल्यावर दुखते." आणि खाली बसले. मधल्या सुट्टीत लोक त्यांना चहाचा कप देताना विचारत होते, "सर, ह्या कपाले विचारलं काय?" सरांनी शांतपणे दोन कप घेतले. त्या दिवसापासून मात्र त्यांचं वाक्य ठरून गेलं: "माणूस कापाचा नाई."

आणि मग वृक्षारोपणाचा फोटो आला.

जिल्ह्यातल्या चांगल्या शाळांची पुस्तिका छापायची होती. शाळेनं एक फोटो आज दुपारपर्यंत ईमेलनं पाठवायचा. पुस्तिकेत आलेल्या शाळांना दोन-दोन कॉम्प्युटर मिळणार. आमच्या फोटोत मधोमध सरपंच, हातात रोप, शेजारी हेडमास्तर. पण सर इतके मागे गेले होते की सरपंच काडेपेटीतल्या काडीएवढे दिसत होते. बाकी फोटोत अख्खी शाळा, हातपंप, हातात पळी घेतलेल्या खिचडीवाल्या शांताबाई, आणि रोपाच्या वासानं कडेहून सरपंचांजवळ सरकलेली शेळी.

हेडमास्तर घायकुतीला आले. "इंगळे, सरपंच, मी आन् झाड. बाकी कापा. लाइट जाईन आता!"

"कोन कापू? तुमी सांगा."

हेडमास्तरांनी पडद्यावर बोट ठेवलं. "ह्या शांताबाई."

"खड्डा शांताबाईनं खोदला. तिले कापलं तं झाड कशात लावलं?"

बोट सरकलं. "मंग ही शेळी! शेळी तं कापा बाप्पा!"

सरांनी चष्मा पुसला, पडद्याला नाक लावलं. "कापली असती," ते म्हणाले, "पन तिच्या मांगं चौथीतली सुनीता हाय. शेळी गेली की सुनीता अर्धी जाते."

एवढ्यात लाइट गेली. फोटो पेन ड्राइव्हमध्ये आधीच घेतलेला होता. हेडमास्तरांनी पेन ड्राइव्ह माझ्या हातात कोंबला, मोटरसायकलची किल्ली दिली आणि डोळ्यांनी जे सांगायचं ते सांगितलं. तालुक्याच्या गावी मेहकरला रफिकभाईंच्या इंटरनेटच्या दुकानात इन्व्हर्टर होता. तिथं बसून मी दोन मिनिटांत फोटो कापला. सरपंच, हेडमास्तर, झाड. कॉलेजात शिकल्याचा उपयोग झाला, असं मनात म्हणालोही. रफिकभाई मागून बघत होते. "मास्तर, इसका आधा मुँह रह गया," ते म्हणाले. मी म्हणालो, चालतं.

पुस्तिका छापून आली. आमची शाळा त्यात होती. हेडमास्तरांनी पेढे वाटले. सरांनी पेढा खाल्ला, फोटो पाहिला. डाव्या कडेला अर्धी सुनीता: एक डोळा, एक वेणी, आणि वेणीशी शेळीचं एक शिंग. सर उठले. शाळेला आलेल्या तीसच्या तीस पुस्तिका पिशवीत घालून घरी घेऊन गेले.

दोन दिवसांनी परत आणल्या. प्रत्येकीत फोटोच्या दोन्ही बाजूंना पांढरा कागद डिंकानं चिकटवलेला, आणि त्यावर बॉलपेननं उरलेली शाळा काढलेली. तीस वेळा. सरांची चित्रकला बेताचीच. शांताबाई आणि शेळी ह्यांच्यात फरक एवढाच की एकीच्या हातात पळी होती. हातपंप माणसासारखा आणि मी हातपंपासारखा. पण सुनीताचा दुसरा डोळा आणि दुसरी वेणी तिच्या छापील अर्ध्या तोंडाला बरोबर जोडलेली होती, रिबिनीसकट.

हेडमास्तरांनी कपाळाला हात लावून कारण विचारलं. "काऊन, इंगळे? काऊन?"

तिकडे सुनीतानं पुस्तिका उघडली, पेनाच्या वेणीवर बोट ठेवलं आणि ओरडली, "हे मी!" शांताबाई पळी टाकून धावत आल्या. "मले पाहू दे वं. अगंबाई, केवढं नाक काढलं सरनं!" आणि पुस्तिका पदराखाली घेऊन गेल्या, ती परत आलीच नाही.

शाळा सुटल्यावर मी सरांपाशी गेलो. "सर, तो फोटो मी कापला."

"मालूम हाय. हेडमास्तरनं कापला असता तं सरपंचाचं मुंडकं गेलं असतं." मग उठून म्हणाले, "या इकडं."

हेडमास्तरांच्या खोलीत कपाटाच्या वर एक जुनी फ्रेम होती. मी ती रोज पाहत होतो, म्हणजे पाहत नव्हतो. सरांनी स्टुलावर चढून ती काढली, बाहीनं काच पुसली. चौथीचा वर्ग. ह्याच शाळेचा, फार वर्षांपूर्वीचा. पोरं ओळीनं उभी, सगळ्यांचे डोळे उन्हानं बारीक. उजव्या कडेला, फ्रेमच्या लाकडाशी, एक कोपर. नुसतं कोपर. त्यावर सदऱ्याची बाही, मोठी झाली म्हणून चार घड्या घातलेली.

"हा मी," सर म्हणाले.

मी फ्रेमचं दुसरं टोक धरलं.

"माह्यापाशी सदरा नोता. भावाचा आनाले घरी पयालो. येईपर्यंत सारे उभे राह्यले होते, मंग म्या कडेले उभा झालो. फोटोवाल्यानं पुरा घेतला होता मले, खोटं काऊन बोलू. पन फ्रेमवाल्यापाशी काच लहान होती. तेवढ्यासाठी गेलो."

ते हसले. मग बोट त्या बाहीवर फिरवलं.

"माय दर पंधरा ऑगस्टले शाळेत ये. झेंड्यासाठी नाई. इथं येऊन हे बाही पाहे. चार घड्या तिनंच घातल्या होत्या ना. सोबतच्या बाया हासत, म्हणत, पोरगं कुठं हाय यातलं? माय म्हने, हा काय माहा गुलाब. गुलाब म्हंजे मी. बायाइले दिसेच ना."

दुसऱ्या दिवशी मी कोणाला न सांगता ती फ्रेम पिशवीत घालून मेहकरला गेलो. रफिकभाईंनी फोटो स्कॅन केला. मी त्याच्या उजव्या बाजूला कोरी पांढरी जागा वाढवली, कोपरापासून पुढे, एक पोरगा उभा राहील एवढी. तिच्यात काही काढलं नाही. चित्रकलेत मी सरांहून वाईट आहे. रफिकभाईंना पैसे विचारले तर म्हणाले, "खाली जगह का क्या लेना."

शाळेत येऊन कॉम्प्युटरवर फोटो उघडला. सर खुर्चीत पुढे सरकून बसले. डावीकडून एकेकाचं नाव पुटपुटत गेले, कोपराशी आले आणि थांबले.

"सर, हा कोणाच्या फोल्डरात ठेवू?" मी विचारलं. "ह्या वर्गातलं कोणी हजेरीपटावर नाही."

त्यांनी माउस माझ्या हातातून घेतला. नवीन फोल्डर केला आणि एका बोटानं, प्रत्येक अक्षराला मान डोलवत, नाव दिलं: माय. कॉम्प्युटरनं ते नाव मुकाट्यानं घेतलं.

मग ते पुन्हा त्या पांढऱ्या जागेकडे बघत राहिले. बाहेर शेळी ओरडली, तरी त्यांचं लक्ष गेलं नाही.

"एवढी जागा काऊन ठेवली मास्तर?" ते हळूच म्हणाले. "मी लई बारीक होतो."