हसनचाचांची पाच सॉफ्टवेअरं

हसनचाचा पेंटर कॉम्प्युटरच्या पडद्याला लाकडी पट्टी लावून अक्षरं मोजतात, आणि वेलांटी सूतभर जरी सरकली तरी कॉम्प्युटरला शिव्या घालतात. मनातल्या मनात नव्हे. वडूजच्या स्टँडवर गाडीची वाट बघणाऱ्यांना ऐकू जातील अशा.

चाळीस वर्षं त्यांनी तालुक्यातल्या दुकानांच्या पाट्या रंगवल्या. मग फ्लेक्स आले, ब्रश वाळून गेले, आणि साठी ओलांडल्यावर या माणसानं वेबसाइट करायला घेतल्या. "पाटी ती पाटीच," ते म्हणतात. "आदी भिंतीवर व्हती, आता काचंवर हाय."

त्यांच्या दुकानापासून चार दुकानं पुढे आमच्या बायकांच्या गटाचं घोंगड्यांचं दुकान आहे. औंधच्या यात्रेला बाहेरगावची माणसं येतात, त्याआधी आम्हाला वेबसाइट हवी होती. "आठ दिवसांत देतो पोरी," चाचा म्हणाले. महिना झाला तरी ते सॉफ्टवेअरच निवडत होते.

कोड न लिहिता, माउसनं चित्रं आणि मजकूर ओढून साइट मांडता येते, अशी पाच सॉफ्टवेअरं त्यांनी घेतली होती आणि पाचांशीही त्यांचं वैर होतं. पहिलं हट्टी. "फोटो उजवीकडं ठिवला, की ह्यो डावीकडं नेतोय! घर माजं, आन् खाट कुटं टाकायची ते ह्यो ठरवनार?" दुसरं अगदीच मोकाट. काहीही कुठेही ठेवू द्यायचं, पण तीच साइट मोबाइलवर उघडली की घोंगड्यावर फोन नंबर आणि फोन नंबरावर मेंढी. तिसऱ्यातले तयार साचे देखणे होते, पण प्रत्येक साच्यात एक गोरी बाई कॉफीचा कप धरून हसायची. चाचा तिच्यावर पट्टी रोखायचे. "हिनं कवा मेंढरं राखली? कशापायी हसतीया ही?"

चौथं फुकट होतं, पण साइटच्या डोक्यावर स्वतःचंच नाव झळकवायचं. त्या दिवशी चाचा लालबुंद झाले होते. "चाळीस वर्सं पाट्या केल्या. कोपऱ्यात बारीक 'हसन' लिवायचो. मालकाच्या नावाच्या वर कवा लिवलं न्हाई!"

पाचवं जवळजवळ पसंत पडलं होतं. पण मथळा मोठा केला की वरून अक्षरं कापली जायची आणि 'घोंगडी'ची 'घोगडी' व्हायची. चाचांनी कंपनीच्या मदतीच्या खिडकीत चांगली खरमरीत तक्रार लिहिली. पलीकडच्या यंत्रानं उत्तर दिलं, 'तुमचा दिवस आनंदात जावो.'

"माजं टिंब खाल्लं, आन् सवताच्या आनंदावर बरं टिंब हाय!" चाचा कडाडले.

आता मलाही राग आला. "चाचा, यात्रा चार दिवसांवर आली. घ्या की एखादं चालवून."

"चालवून घ्या?" ते माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मीच ते टिंब खाल्लं होतं. पट्टी टेबलावर आपटली आणि दुपारच्या नमाजाला निघून गेले.

कॉम्प्युटर चालूच होता. मी आमची साइट शोधायला गेले, तर पाचही सॉफ्टवेअरांत चाचांनी आधी एकच साइट करून बघितली होती. नाव होतं 'आमचं घर, वडूज'. दारातला कडुनिंब, शेळी, चुलीपुढे भाकरी थापणाऱ्या चाची. शेवटच्या पानावर 'कसे याल'. स्टँडपासून घरापर्यंत एकेका वळणाचा फोटो आणि खाली मोठ्या, सुट्या अक्षरांत: 'सारा, इथून डावीकडे. घाबरू नको, कुत्रं चावत नाही.'

सारा म्हणजे त्यांची नात. मुलगा कॅनडात असतो. पोरगी सात वर्षांची झाली, अजून वडूजला आलेली नाही.

तळाशी साइट बघून गेलेल्या पाहुण्यांचा आकडा होता. शून्य. पाचही ठिकाणी शून्य.

चाचा मागे येऊन उभे राहिले होते. "ते आपलं टेस्टिंगला," एवढंच म्हणाले. आवाज अजिबात चढला नव्हता. "पत्ता धाडलाय पोराला. त्याला कामं लय असत्यात."

आमची साइट यात्रेच्या आदल्या दिवशी झाली. मथळा चाचांनी शेवटी ब्रशनं कागदावर रंगवला आणि त्याचा फोटो लावला. टिंब जागच्या जागी.

मी मात्र रोज दुपारी, दुकानात गिऱ्हाईक नसलं की, फोनवर 'आमचं घर' उघडायला लागले. कडुनिंब बघायचा, शेळी बघायची, बंद करायचं.

आठवड्यानं चाचा तरातरा आमच्या दुकानात आले. "पोरी, माज्या साइटवर कोनतरी येतंय. रोज! पन कंचा गाव ते दाखवतंय त्यात. कॅनडा न्हाई, साताराच दाखवतंय. कोन फसवतंय मला ह्ये?"

मी घडी घातलेलं घोंगडं उलगडून पुन्हा घडी घालू लागले. "बंद करायला सांगू का त्याला?"

चाचांनी माझ्या हातातल्या घोंगड्याकडे बघितलं. मग टोपी नीट केली.

"नगं," ते म्हणाले. "फकस्त त्याला सांग, रोज निस्तं बघून जाऊ नगं म्हनावं. चाची चुलीवर च्या ठेवती. घरी ये."