गप्प बसलेल्या बापाची निवड चाचणी

स्पष्ट बोलणं म्हणजे काय, हे कुणाला शिकायचं असेल तर त्यानं सरळ माझ्याकडे यावं. मी बसस्थानकावर माईकसमोर बसतो. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली, कुठली सुटली आणि कुठल्या गाडीचा ड्रायव्हर अजून चहाच पितोय, हे मी असं सांगतो की झोपलेल्या माणसानं झोपेतच बॅग उचलावी. माझं ऐकून चुकीच्या गाडीत बसलेला प्रवासी अजून जन्माला यायचाय. आमच्या हिचं म्हणणं, माईक बंद करायचं बटण कामावर आहे, घरी नाही. पण ते सोडा.

सांगायचं ते असं, की अशा माणसाला एका बाईनं गप्प बसायला सांगितलं. आणि मी बसलो. त्यातूनच पुढचं सगळं घडलं.

ती बाई म्हणजे मुलींच्या आणि मुलांच्या बेसबॉल संघाची कोच. आमची भिंगरी बारा वर्षांची. तिचं खरं नाव वेगळं आहे, पण एका जागी उभी राहिलेली तिला कुणी पाहिलेलं नाही, म्हणून भिंगरी. गेल्या वर्षी निवड चाचणीत ती थोडक्यात राहिली. तेव्हापासून रोज जिन्याखालच्या भिंतीवर चेंडू मारून तिनं भिंतीला देवीचे व्रण पाडले होते. खालचे भाडेकरू आधी तक्रार करायचे, मग कंटाळून तेच विचारायला लागले, "चाचणी कधी आहे हो?"

चाचणीच्या आधी पालकांची सभा झाली. कोच मॅडम उंच, किडकिडीत, आणि शब्द असे वापरणाऱ्या की जणू रेशनवर मिळतात.

"चाचणीच्या वेळी पालकांनी बोलायचं नाही," त्या म्हणाल्या. "मुलांशी नाही, माझ्याशी नाही. ज्यांचा आवाज येईल, त्यांच्या मुलाची चाचणी तिथंच थांबेल. काही शंका असली तर सोमवारी फोन करा."

मी हात वर केला. "शाब्बास म्हटलं तर चालेल का?"

"नाही."

"मनापासून म्हटलं तर?"

"मनात म्हणा."

घरी आल्यावर मी विचार करायला लागलो. बोलायचं नाही असं त्या म्हणाल्या होत्या. हात हलवायचे नाहीत असं कुठं म्हणाल्या होत्या? मी भिंगरीला जेवताजेवता समोर बसवलं आणि खुणा ठरवल्या. मी कानाला हात लावला की, कोचचं नीट ऐक. कोपर चोळलं की, बॅट धरताना कोपर वर घे. आणि टोपी खाली ओढली की, शाब्बास.

"कळलं?"

"हो बाबा," ती म्हणाली, आणि ताट उचलून गेली.

आमची ही शिवणकाम करते. तोंडातल्या टाचण्या काढून ती म्हणाली, "अहो, तुम्ही नुसते बसा ना. माणसं बसतात तसे."

"बसूनच करणार आहे," मी म्हणालो. टोपी ओढायची तर टोपी हवी, म्हणून मी दुसऱ्याच दिवशी एक लालभडक टोपी आणली. खेळाडूच्या बापाला शोभेल अशी.

रविवारी सकाळी मैदानावर पोचलो. लाकडी पायऱ्यांवर पालक रांगेनं बसले होते, सगळे असे चिडीचूप की जणू दातांच्या डॉक्टरकडे नंबर लावलाय. मी नेमकी जागा हेरली. मैदानात चार कोपऱ्यांना चार बेस असतात, म्हणजे पांढऱ्या उशीसारखे तुकडे. खेळाडूनं चेंडू मारायचा आणि एकेक बेस गाठत जिथून सुटला तिथं, म्हणजे होमला, परत यायचं. तिसऱ्या बेसच्या बाजूला कोच मॅडम उभ्या होत्या. त्यांच्या बरोबर मागं, दोन पायऱ्या वर मी बसलो. इथून भिंगरीला मी छान दिसणार होतो.

इथं एक गोष्ट सांगायला हवी, जी मला फार उशिरा कळली. बेसबॉलमध्ये कोचसुद्धा बोलत नाहीत, खुणा करतात. मॅडमनी सकाळीच मुलांना एका कोपऱ्यात नेऊन खुणा शिकवल्या होत्या. कानाला हात म्हणजे पुढच्या बेसकडे पळ. कोपर चोळलं म्हणजे सगळ्यांनी जागा बदला. टोपी खाली ओढली म्हणजे काही झालं तरी थेट होम गाठ. आणि मॅडमच्या डोक्यावर टोपी होती. लाल. समोरून येणाऱ्या उन्हात डोळे बारीक करून बघणाऱ्या पोरांना एकामागं एक दोन लाल टोप्या दिसत होत्या. त्यातली एक फारशी हलत नव्हती. दुसरी माझी होती.

भिंगरी बॅट घेऊन आली. पहिल्या बेसवर चष्म्याच्या दुकानवाल्यांचा मुलगा उभा होता, गोलमटोल आणि आज्ञाधारक. मी कानाला हात लावला. भिंगरी ढिम्म. गोलमटोल मात्र सुसाट सुटला.

"तू कुठं चाललास?" मॅडम ओरडल्या.

पोरगं मधेच थांबलं. "तुम्हीच म्हणालात ना?"

"मी कधी म्हणाले?"

त्यानं बिचाऱ्यानं कान पकडून दाखवला. मॅडमना वाटलं, चूक कबूल करतोय. त्यांनी त्याला परत पाठवलं.

मग माझं लक्ष भिंगरीच्या कोपराकडे गेलं. जरा खालीच होतं. मी माझं कोपर चोळलं. तिनं पाहिलं नाही, म्हणून आणखी जोरात चोळलं. त्याबरोबर मैदानावरची सगळी पोरं जागा सोडून धावायला लागली. डावीकडचा उजवीकडे, उजवीकडचा मधे, मधला कुठं जायचं ते न कळून स्वतःभोवतीच फिरला. संगीतखुर्चीत संगीतच वाजलं नाही तर जसं होईल तसं. मॅडमनी आधी आभाळाकडे बघितलं, मग स्वतःच्या हातांकडे.

माझ्या शेजारी चष्मेवाले बसले होते. माणूस हुशार. एकदा माझ्याकडे, एकदा मैदानाकडे असं दोनतीनदा पाहून त्यांनी ओळखलं की या गृहस्थांनी कान धरला की मुलं पळतात. त्यांना वाटलं, मी आतला माणूस आहे. त्यांनी हळूच कान धरला. गोलमटोल पुन्हा सुटला. चष्मेवाल्यांचा चेहरा असा उजळला, की आयुष्यात पहिल्यांदाच पोरानं त्यांचं ऐकलं असावं.

ते पाहून त्यांच्या मागच्या बाईंनी कान धरला. मग त्यांच्या शेजारच्या आजोबांनी. आपलंच पोर मागं का राहावं? बघताबघता पायऱ्यांवरचे सगळे पालक कान ओढताहेत, कोपरं चोळताहेत, टोप्या खेचताहेत. ज्यांना टोपी नव्हती ते केस ओढत होते. आणि हे सगळं तोंडातून चकार शब्द न काढता, कारण नियम म्हणजे नियम.

मैदानात तर प्रलय आला होता. दोन पोरं एकाच बेसवर मिठी मारून उभी होती. एकानं बेसच उचलून पळायला सुरुवात केली. या धामधुमीत भिंगरीनं कधी चेंडू टोलवला आणि ती दुसऱ्या बेसवर कधी पोचली, हे मला दिसलंसुद्धा नाही.

मॅडमनी शिट्टी मारली. मग सावकाश वळल्या आणि त्यांना आम्ही दिसलो. सगळ्यांचे हात जिथल्या तिथं थिजले.

"हे कुणी सुरू केलं?"

बोलायची बंदी होती. म्हणून सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. चष्मेवाल्यांनी तर दोन्ही हातांची.

मॅडम पायऱ्यांपाशी आल्या. "तुम्ही काय करताय?"

आता मी सापडलो होतो. बोललो तर भिंगरीची चाचणी थांबणार. नाही बोललो तर उद्धट ठरणार. मी ओठांवर बोट ठेवून मान हलवली, म्हणजे बोलायचं नाही ना. मग कानाला हात लावला, म्हणजे पुन्हा नाही करणार. आणि शरमेनं टोपी डोळ्यांपर्यंत खाली ओढली.

मॅडमच्या पाठीमागून गोलमटोल जीव खाऊन धावत आला, पार होमपर्यंत, आणि धूळ उडवत आडवा झाला.

मॅडमनी डोळे मिटले. "बोला तुम्ही. मी परवानगी देते."

सकाळपासून कोंडलेला आवाज होता. तो घशातून निघाला तो थेट बसस्थानकाचाच. "कृपया लक्ष द्या," मी म्हणालो. मैदानापलीकडच्या रस्त्यावर एक सायकलवाला उतरून उभा राहिला. "झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत."

त्यांनी माझी टोपी मागून घेतली आणि दोन्ही हात मांडीखाली ठेवून बसायला सांगितलं. उरलेली चाचणी मी तसाच बसलो, हातांना मुंग्या येईपर्यंत.

घरी जाताना भिंगरी चालत होती, पण फिरत नव्हती, उड्या मारत नव्हती. वर्षभर त्या भिंतीशी झगडलेली पोर, आणि मी तीन खुणांत सगळं घालवलं होतं. रात्री जेवण गेलं नाही. ही म्हणाली, "सोमवारी फोन करा आणि माफी मागा. आणि अहो, थोडक्यात मागा."

सोमवारी मी फोन उचलणार, तेवढ्यात मॅडमचाच आला.

"तुमच्या मुलीला घेतलंय संघात."

मी फोन कानावरून काढून एकदा नीट पाहिला.

"ऐकताय ना?"

"हो. पण मला वाटलं, कालच्या गोंधळामुळं..."

"त्या गोंधळामुळंच घेतलं. सगळी पोरं पळत होती. ही एकटी दुसऱ्या बेसवर पाय रोवून उभी. मी नंतर विचारलं, तू का नाही पळालीस? म्हणाली, खूण तुमची नव्हती, बाबाची होती. म्हटलं, इतके हातवारे करणारा माणूस समोर असताना तुझं लक्ष जरासुद्धा हललं नाही?" त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच कौतुक होतं. "इतकी एकाग्रता या वयात मी पाहिलेली नाही. घरी कोण करून घेतं हो तिचा सराव?"

मी घसा साफ केला.

"मीच," म्हणालो. "रोज."