पेनेलोपीचे उमेदवार

माझ्या भाचीचं पुस्तक गावात कसं गाजवायचं, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. अथेन्सहून एव्हान्थियाचा फोन आला, "आत्या, पुस्तकाच्या वाचनाला चार माणसं तरी येतील ना?"

"चौकातल्या खुर्च्या कमी पडतील. तू फक्त आवाज मोठा ठेव."

पुस्तक आमच्याच इथाका बेटाच्या राणीचं, पेनेलोपीचं. जुन्या कथेत नवरा वीस वर्षं बाहेर, आणि ती लग्नाला टपलेल्यांना झुलवत त्याची वाट बघते. एव्हान्थियाच्या पुस्तकात तिला त्यातलाच एक, रुंद खांद्यांचा, मनापासून आवडतो. मी एका बैठकीत वाचलं, रडले, आणि गावानेही वाचावं म्हणून बेकरीत नेऊन ठेवलं.

इथेच माझी अक्कल चरायला गेली. आमच्याकडे राणीचं नाव घरोघरी, आणि नवरे बोटीवर. माझ्या बालमैत्रिणीचं नाव पेनेलोपी. तिचा गेरासिमोस निम्मं आयुष्य मालवाहू जहाजांवर होता. गावाने ठरवून टाकलं, ही आपलीच पेनेलोपी. प्रश्न उरला, तो कोण?

धावत बेकरीत गेले, तर म्हातारा बेकरीवाला पानागिस पाव सोडून आरशात बघत होता.

"स्तामातूला, खरं सांग. खांदे माझेच ना?"

"तुझे? पिठाचं पोतं उचलायला तुला बायको लागते."

"तेव्हा नव्हती लागत."

रांगेतला मेमास, आमचा जुना पोस्टमन, काठी आपटत म्हणाला, "तिच्या दारात रोज कोण जायचं रे? मी का तू?"

तशीच पेनेलोपीकडे गेले. आतून कॉफीचा वास येत होता, पण दार काही उघडेना. जन्माची मैत्रीण गमावली, असं समजून मी परत फिरले.

वाचनाच्या संध्याकाळी खुर्च्या खरोखरच कमी पडल्या. एव्हान्थियाला आनंद, मला घाम. मध्येच पेनेलोपी आली, केस रंगवून, कानात लग्नातले डूल. मागोमाग गेरासिमोस. गेरासिमोस उभाच राहिला आणि एव्हान्थियाला म्हणाला,

"पोरी, बंदरोबंदरी मी या काळजीने झुरत होतो की घरी बायकोवर कुणाचा डोळा असेल. परत आलो, तर कुणी तिचं नावही काढेना. मलाच तिच्यासाठी वाईट वाटायचं. आज ही दोन थेरडी तिच्यावरून भांडतात, तेव्हा कुठे जिवाला बरं वाटलं."

"दोन नाही," पेनेलोपी खुर्ची ओढत म्हणाली, "तिसरा लाजतोय."

सगळा चौक हसला. सुटकेच्या आनंदात मी न बघताच पानागिसच्या मांडीवर बसणार होते.

"दार का नाही उघडलंस गं?" मी तिला हळूच विचारलं.

"डोक्याला रंग लावून वाचत बसले होते. तशी तुला दिसले असते, तर गावभर झालं असतं." मग माझा हात दाबून म्हणाली, "तूही आहेस की त्यात. राणीच्या नवऱ्याचे पाय धुणारी ती चोंबडी म्हातारी दाई. हुबेहूब तूच."

घरी येऊन पान काढलं. पुस्तकातल्या दाईला एकही दात नाही. माझे वरचे अजून शाबूत आहेत, एवढं मी एव्हान्थियाला दुसऱ्या दिवशी सकाळीच कळवलं आहे.