साडूंच्या जेट स्कीचं ट्रिम

"भाऊजींचा तोल बघा हो," तळ्याकाठी सतरंजीवर बसलेली बायको म्हणाली आणि तिच्या नवऱ्याला, म्हणजे चष्म्याचं दुकान चालवणाऱ्या चष्मेवाल्यांना, चहाचा ठसका लागला.

भाऊजी म्हणजे तिच्या ताईचे मिस्टर, चष्मेवाल्यांचे थोरले साडू. त्यांनी नुकतीच उभ्यानं चालवायची जेट स्की घेतली होती. हिला बसायला सीटच नसते. मागच्या खोलगट जागेत पाय रोवायचे, पुढचा दांडा घट्ट धरायचा आणि सुटायचं. थोरल्यांचं पोट दांड्याच्या आधी पुढे पोचायचं, तरी ते पडत नसत. काठावरची अनोळखी माणसंसुद्धा टाळ्या वाजवत.

चष्मेवाले लग्नापासून त्यांच्यावर जळत होते. गाडी आधी थोरल्यांची, घर आधी थोरल्यांचं, डोक्यावरचे केस तर अजून फक्त थोरल्यांचेच. तेही एक वेळ चाललं असतं. पण इतक्या वर्षांच्या संसारात बायकोनं आपल्या नवऱ्याकडे बोट दाखवून कुणाला "बघा हो" म्हटलं नव्हतं, ते मात्र त्यांना झोंबत होतं. तिनं एकदा तरी तसं म्हणावं, एवढीच त्यांची इच्छा होती. ते जमणार नसेल, तर निदान थोरल्यांनी तिच्यादेखत पाण्यात आपटावं.

त्यांनी जेट स्की ठेवायच्या बोटघरातल्या मेकॅनिकशी सहज म्हणून गप्पा काढल्या. मेकॅनिक बोलका होता. जेट स्कीच्या मागे पाणी फेकणारी नळी असते, तिचं तोंड वरखाली करणं म्हणजे ट्रिम, असं त्यानं सांगितलं. तोंड वर केलं की यंत्राचं नाक उचलतं, पण जास्त झालं तर ते बेडकासारखं उड्या मारतं. तोंड खाली केलं की नाक पाण्यात दबतं, जास्त झालं तर सरळ बुडी घेतं. चष्मेवाले खूश झाले. दिवसभर चष्म्याच्या दांड्यांचे स्क्रू पिळणाऱ्या माणसाला आणखी एक स्क्रू काय जड होता.

पुढच्या रविवारी बाकीची मंडळी डबे उघडत असताना ते बोटघरात शिरले आणि ट्रिमचा स्क्रू पिळून नळीचं तोंड पार वर करून आले. मग सतरंजीवर मोक्याची जागा धरून बसले. त्या दिवशी पाणी काचेसारखं शांत होतं. थोरल्यांच्या पोटाच्या भारानं नेहमी दबणारं नाक आज नेमकं हवं तेवढं उचललं आणि जेट स्की बाणासारखी सुटली. थोरले पलीकडच्या काठाला हात लावून परत आले, तेव्हा ताईंनी त्यांना टॉवेल दिला. चष्मेवाल्यांच्या बायकोनं तो स्वतः नेऊन दिला नाही, एवढंच काय ते समाधान.

रात्रभर जळफळाट करून त्यांनी निष्कर्ष काढला की दिशा चुकली. पुढच्या रविवारी त्यांनी तोंड पार खाली केलं. पण त्या दिवशी वारा सुटला होता, तळ्यात लाटा उठल्या होत्या. बाकीचे चालवणारे लाटांवर आदळून टपाटप पडत होते. थोरल्यांच्या यंत्राचं दबलेलं नाक मात्र लाटा कापत गेलं आणि पाण्यात तरंगणाऱ्या लाल पिंपाभोवतीचं वळण त्यांनी असं घेतलं, की चष्मेवाल्यांचा हातसुद्धा नकळत टाळीसाठी उठला. त्यांनी तो मांडीखाली दाबला.

आता हा उद्योग पुरे, असं ठरवून ते ट्रिम मूळ जागी आणायला बोटघरात गेले. हात कोपरापर्यंत यंत्रात होता, तेवढ्यात मागून आवाज आला.

"साडूभाऊ, काय करताय?"

दारात थोरले होते. मागे ताई, त्यांच्या मागे बायको. चष्मेवाल्यांच्या हातात पाना होता.

"ट्रिम," ते कसंबसं म्हणाले. "मागच्या रविवारी वर केलं होतं. आज खाली."

थोरल्यांनी ओल्या अंगानंच चष्मेवाल्यांना मिठी मारली. "म्हणजे पाणी शांत होतं तेव्हा वर, लाटा होत्या तेव्हा खाली! आणि मला पत्ता नाही. मला वाटत होतं, मीच सुधारलोय."

चष्मेवाल्यांनी तोंड उघडलं. पण तेवढ्यात बायकोनं ताईच्या खांद्याला हात लावला आणि म्हणाली, "ताई, बघ गं यांना. मनात काही न ठेवता मुकाट्यानं करत होते."

चष्मेवाल्यांनी तोंड मिटलं. लाज वाटत होती, पण सुख त्याहून जास्त होतं. तिनं पदरानं त्यांच्या हाताचं ग्रीस पुसलं. ताई म्हणाल्या, "नाहीतर आमचे हे. घरातला बल्बसुद्धा बदलत नाहीत." मग चहा आला, तो आधी चष्मेवाल्यांना आणि उरलेला थोरल्यांना.

टाळ्या थोरल्यांना रोजच्याच होत्या, पण पदरानं हात पुसणं नवीन होतं. चष्मेवाल्यांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि दचकले. ती नजर ते ओळखत होते. गेली कित्येक वर्षं दाढी करताना आरशात तीच दिसत होती.

थोरल्यांनी रिकामा कप ठेवला आणि चष्मेवाल्यांच्या हातातला पाना हळूच काढून घेतला.

"पुढच्या रविवारी तुम्ही चालवा, साडूभाऊ," ते गोड आवाजात म्हणाले. "ट्रिम मी लावतो."